पाणमांजराची खरी किंमत

धाकटीच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आले, त्या दिवसापासून थोरली उजव्या बाजूने चावेनाशी झाली. दिवसभर दात-ओठ खाऊन तिची त्या बाजूची दाढ दुखू लागली होती. यंत्र खालच्या मजल्यावर होते आणि थोरलीचे स्वयंपाकघर बरोबर त्याच्या डोक्यावर. जेवणे आटोपली की खालून मंद घरघर सुरू होई आणि वर थोरली हातात घासणी घेऊन, कोपरापर्यंत फेस माखून, ती घरघर ऐकत उभी राही.

"मोटार चांगली आहे मेली," ती नाइलाजाने म्हणे. "बेअरिंगचा आवाज नाही. दहा-बारा वर्षं हलणार नाही."

हे ती उगाच म्हणत नव्हती. जुन्या यंत्रांची किंमत ठरवणे हा तिचा पेशाच होता. बंद पडलेला छापखाना असो, दिवाळे निघालेली बेकरी असो की धूळ खात पडलेली लाकडाची वखार, कर्ज देणारे लोक आधी थोरलीला पाठवत. ती जाई, यंत्राच्या पाठीवर थाप मारी, दोन-चार झाकणे उघडून बघे, चालू करायला लावी, डोळे मिटून ऐके आणि आकडा सांगे. मालक रडो नाहीतर गोड बोलो, आकडा हलत नसे. कचेरीत तिच्या माघारी तिला 'तराजूबाई' म्हणत. ते ऐकायचे आणि ऐकूच आले नाही असे दाखवायचे, हे तिच्या आयुष्यातले एक मोठे सुख होते.

धाकटी, म्हणजे तिची जाऊ, दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसे. पेशंटना नंबर द्यायचे, फोन घ्यायचे आणि उरलेला वेळ मोबाइलवर गेम खेळायचा. त्या गेममध्ये एक गुबगुबीत पाणमांजर होडीत बसून घरोघर टपाल वाटत फिरे. बस, एवढेच. मारामारी नाही, शर्यत नाही. पाणमांजराला नवी टोपी घालायची असली, तर मात्र खरे पैसे मोजावे लागत. मध्यंतरी डॉक्टरांनी धाकटीला बोनस दिला आणि तिने त्या पैशांचे सरळ पाणमांजर बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले.

"का गं?" थोरलीने तेव्हा विचारले होते. "ताळेबंद बघितलास का त्यांचा? कर्ज किती, नफा किती?"

"नाही हो वहिनी. पण ते होडीतून पाण्यात पडतं ना, तेव्हा इतकं गोड दिसतं!"

यावर थोरली महिनाभर हसली. मग शेअर वाढू लागला. तो जसजसा वाढला तसतसे थोरलीचे हसू आटत गेले आणि तो तिप्पट झाला तेव्हा खालच्या मजल्यावर यंत्र आले.

सासूबाई पंधरवडा वर आणि पंधरवडा खाली अशा राहत. यंत्र आल्यापासून त्यांचा खालचा पंधरवडा लांबत चालला होता.

"थोरलीला अक्कल आहे हो," जिन्यात भेटेल त्याला त्या सांगत. "पण धाकटीचा हात लागला की मातीचं सोनं होतं."

अक्कल आहे असे म्हटल्यावर भांडायला तरी कसे जायचे? थोरली वरच्या मजल्यावर दाढ दाबून धरी.

आणि एका सकाळी पाणमांजर बुडाले.

थोरलीचा नवरा चहा पिता पिता मोबाइल बघत होता. तो एकाएकी इतका पांढरा पडला की थोरलीला वाटले, कुणीतरी गेले.

"पाणमांजरवाल्या कंपनीचा शेअर पडला," तो म्हणाला. "एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. गेमचा दुसरा भाग यायचा होता ना, तो एक वर्ष पुढे ढकललाय म्हणे."

"अरेरे," थोरली म्हणाली. तिने हे 'अरेरे' अत्यंत सावधपणे उच्चारले. नवऱ्याला धाकट्या भावजयीबद्दल इतका कळवळा असेल, याचे तिला जरा नवल वाटले. पण नवल करण्याची ती वेळ नव्हती. त्या सकाळी तिने गाणे गुणगुणत भांडी घासली. दाढसुद्धा गप्प होती. मग खाली सांत्वनाला जायचे म्हणून तिने आरशासमोर उभे राहून चेहरा बेताचा दुःखी करून पाहिला आणि तो तसाच धरून जिना उतरली.

धाकटी रडत नव्हती. ती ओट्याला टेकून कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. तिला विचार करताना थोरलीने प्रथमच पाहिले.

"बरं झालं वहिनी तुम्ही आलात! मला एक सांगा. काल शेअर एवढ्याला होता, आज निम्म्याला. पण कंपनी तीच, ऑफिस तेच, पाणमांजर तेच. मग खरी किंमत कुठली? कालची की आजची?"

प्रश्न चोख होता. इतका चोख प्रश्न धाकटीने विचारावा, हेही थोरलीला आवडले नाही.

"तुम्हीच सांगू शकाल," धाकटी म्हणाली. "तुमच्याइतकं ह्यातलं कुणाला कळतं? तुम्ही ठेव म्हणालात तर ठेवीन, वीक म्हणालात तर विकीन."

थोरलीचा बेताचा दुःखी चेहरा सुटला आणि त्या जागी कचेरीतला चेहरा आला. "आठवडाभर दे मला," ती म्हणाली. "नीट बघून सांगते."

तिने काम हाती घेतले ते कंपनीत काहीतरी सडके निघेल या आशेने. पाहुणी म्हणून गेलेली एखादी बाई जशी हळूच पडदा उचलून खिडकीतली धूळ बघते, तसे तिने कंपनीचे हिशेब उलटूनपालटून पाहिले. धूळ सापडेना. कर्ज नव्हते. बँकेत रोकड भरपूर होती. जुना गेम खेळणारे लोक कमी झाले नव्हते आणि ज्याने पाणमांजराला एक टोपी घातली होती, तो दुसरी घेतच होता. मग झाले होते काय? तर कंपनीच्या मालकाने मुलाखतीत सांगितले होते, 'नवीन पाणमांजर अजून आमच्या मनासारखं झालेलं नाही, ते झाल्याशिवाय आम्ही ते लोकांपुढे आणणार नाही.' एवढ्यावर लोक चेंगराचेंगरी करून पळत सुटले होते. थोरलीला त्या मालकाबद्दल आदर वाटला आणि त्या आदराचाही राग आला.

यंत्र चालवून बघितल्याशिवाय किंमत करायची नाही, हा तिचा नियम होता. म्हणून तिने गेम मोबाइलवर घेतला. सकाळी डबा भरताना तिचे पाणमांजर टपाल वाटू लागले. पुढे ते बसमध्ये वाटू लागले. एकदा तर कचेरीतल्या बैठकीत साहेब तावातावाने बोलत असताना टेबलाखालून 'छपाक' असा आवाज आला.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारले.

"तपासणी चालू आहे, साहेब," थोरली म्हणाली. "एका कंपनीचं मूल्यांकन."

साहेबांनी वाकून मोबाइलमध्ये पाहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही निळी टोपी तुम्हाला कुठे मिळाली? मी कधीपासून शोधतोय."

थोरलीने मनातल्या मनात नोंद केली: मागणी ठणठणीत.

"तू टोपी विकत घेतलीस?" घरी नवऱ्याने डोळे विस्फारून विचारले.

"नमुना म्हणून," ती म्हणाली.

आठवडा संपता संपता तिचा आकडा तयार झाला. गेमचा दुसरा भाग कधी आलाच नाही असे धरले, तरी कंपनी आजच्या भावाच्या निदान दीडपट किमतीची होती. यंत्र धडधाकट होते, फक्त ते बघायला आलेले लोक घाबरून पळाले होते. थोरलीने हिशेब पुन्हा तपासला. तो इतका सुंदर जमला होता की तिला भरून आले. असे मूल्यांकन तिने उभ्या आयुष्यात केले नव्हते. आणि ते कुणासाठी? तर होडीतून पाण्यात पडणे गोड वाटते म्हणून शेअर घेणाऱ्या बाईसाठी!

तरीही ती जिना उतरली ती खरे सांगायचे ठरवूनच. मत्सर आपल्या ठिकाणी, आकडा आपल्या ठिकाणी. तराजूबाईचा काटा कुणापुढे वाकत नाही, असे ती स्वतःला प्रत्येक पायरीवर बजावत होती.

दार उघडेच होते. आत सासूबाई आणि धाकटी पडद्याच्या कापडांचे नमुने पसरून बसल्या होत्या.

"वहिनी, आधी हे बघा! ह्यातला कुठला छान दिसेल? मोठ्या खिडकीला?"

"कुठली मोठी खिडकी?" थोरलीने विचारले. तिथल्या खिडक्या तिला पाठ होत्या.

"अहो, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर विकायला निघालंय ना, गच्चीवालं! शेअर सावरला की आम्ही ते घ्यायचं म्हणतोय. आईंना बसायला मोकळी हवा."

"मी तर झोपाळ्याची जागासुद्धा बघून ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे... आमच्या डोक्यावर?"

"हो ना!" धाकटी आनंदाने म्हणाली. "आणि ते यंत्रही वर जाईल. मला माहितीय, तुम्हाला खालून त्याच्या आवाजाचा त्रास होतो."

"तो आता वरून होईल," थोरली म्हणाली.

पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. सासूबाई कापडावरून हात फिरवत होत्या. "थोरलीला अक्कल आहे," त्या म्हणाल्या, "पण नशीब नशीब म्हणतात ते..."

"ते राहू दे आई," धाकटी म्हणाली. "वहिनी, तुम्ही सांगा. ठेवू की विकू?"

'ठेव' हा शब्द थोरलीच्या जिभेच्या टोकावर होता. दोन अक्षरांचा शब्द. पण 'वीक' हाही दोनच अक्षरांचा, आणि त्याच्यामागे यंत्र, झोपाळा, मोठी खिडकी आणि नशीब असे सगळे जण रेटा लावून उभे होते.

"वीक," थोरली म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. वरून चकचकीत दिसतंय, आतून पोकळ आहे." हे ती नेमक्या त्याच आवाजात म्हणाली, ज्या आवाजापुढे कारखानदार मान खाली घालत.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. "बिचारं पाणमांजर," ती म्हणाली. मग तिने थोरलीचा हात दोन्ही हातांत धरला. "वहिनी, तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं हो!"

थोरली जिना चढली ती हात पदराला पुसत पुसत, जणू त्याला काही चिकटले होते. वर आल्यावर क्षणभर तिच्या मनात आले की आपणच घ्यावेत का थोडे शेअर? तत्क्षणी तिने तो विचार झिडकारला. ज्याची किंमत आपण केली ते आपण विकत घ्यायचे नाही, हा कचेरीचा कडक नियम होता, आणि तो तिने आजवर मोडला नव्हता. आपण अजूनही तत्त्वाच्या पक्क्या आहोत, या विचाराने तिला बरेच बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा हातात केकचे खोके घेऊन शीळ घालतच घरी आला.

"काय विशेष?" तिने विचारले.

"विशेष तू!" तो म्हणाला. "तुझ्यामुळे वाचलो. धाकटीने फोन करून सांगितलं, दादा, वहिनी म्हणाल्या आतून पोकळ आहे. म्हटलं, आपल्या घरातली पारखी बोलली, आता वाट कसली बघायची! झटक्यात सगळे काढून टाकले."

"काय काढून टाकले?"

"पाणमांजराचे शेअर."

थोरली खुर्चीवर बसली. "तुमच्याकडे कुठून आले?"

नवऱ्याने खोक्याची दोरी उगाचच सोडली, पुन्हा बांधली. "अगं, ती घेते, तिचे वाढतात, आणि मी काय नुसता बघत बसू? घेतले होते थोडे. म्हणजे... बरेच. आणि तेही उशिराच, बऱ्यापैकी वर गेल्यावर."

"कशातून?"

"स्वयंपाकघर नवं करायला ठेवले होते ना, त्यातून. तुलाही यंत्र घ्यायचं होतं मला. वाढले की एकदम चकित करणार होतो."

"मग मला विचारायचं नाही का विकण्याआधी? मी इथे तुमच्यासमोर बसून आठवडाभर त्याच कंपनीचा हिशेब करत होते!"

"कसं विचारणार? घेतलेत हेच सांगितलं नव्हतं." मग त्याचा चेहरा उजळला. "पण बघ ना, न विचारताच तुझा सल्ला मिळाला! तोटा झाला म्हणा, पण तू नसतीस तर सगळंच बुडालं असतं. केक खा."

केक मऊ होता तरी थोरलीच्या दाढेतून कळ गेली. ती उठली आणि तशीच खाली धावली. आपण घाईत बोललो, जरा थांब, असे काहीतरी धाकटीला सांगावे, असे तिने ठरवले होते. दार सासूबाईंनी उघडले.

"ये गं ये," त्या म्हणाल्या. कधी नव्हे ते त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "माझे पण विकून टाकले हो मी. माझ्या बांगड्यांच्या पैशांतून धाकटीने घेऊन दिले होते. शेवटी नशीब काय, आज आहे उद्या नाही, अक्कल ती अक्कल. आणि तिच्या डॉक्टरांनीही विकले. त्यांच्या भावानेही."

"आणि धाकटी?"

"ती तर सगळ्यांना फोन करण्यातच गुंतली होती दोन दिवस. एकेकाला सांगत होती, आमच्या वहिनी म्हणाल्यात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

थोरली परत वर आली. आता बोलून उपयोगही काय होता? विकलेले विकले गेले होते. कुणास ठाऊक, शेअर आणखी पडेलही. आपला आकडा चुकावा, अशी इच्छा तिला आयुष्यात पहिल्यांदाच झाली. रोज सकाळी ती शेअरचा भाव बघे आणि मनात म्हणे, पड बाबा, थोडा तरी पड.

पण तिचा आकडा चुकत नसे, तीच तर अडचण होती. शेअर आधी थोडा हलला, मग उभा राहिला, मग चढू लागला. आणि एके दिवशी बातमी आली की एका बड्या कंपनीला पाणमांजरवाली कंपनी अख्खी विकत घ्यायची आहे. त्यांनी सांगितलेला भाव थोरलीच्या आकड्याच्या इतका जवळ होता की जणू तिच्याच खांद्यावरून वाकून त्यांनी तो बघितला होता. शेअरने उसळी मारली ती त्याही भावाच्या वर. त्याच दिवशी थोरलीची दाढ तडकली.

दवाखाना दुसरा शोधायला वेळ नव्हता. धाकटीने पहिलाच नंबर दिला आणि थोरली खुर्चीत आडवी झाली. डॉक्टरांनी दिवा तोंडावर ओढला.

"मोठं उघडा," ते म्हणाले. "आणखी मोठं. हं. दाढेला उभी चीर गेलीय. तुम्ही दात-ओठ फार खाता का?"

"आँ," थोरली म्हणाली.

"कशावरून एवढा त्रास करून घेता? त्रास तर आम्ही करून घ्यायचा." यंत्र चालू झाले. "पाणमांजर आज किती वर गेलं, माहितीय?"

"आँ आँ."

"मी कितीला विकलं, माहितीय? ज्या दिवशी तुम्ही पोकळ म्हणालात, त्या दिवशी. माझ्या भावाने, त्याच्या सासऱ्यांनी, सगळ्यांनी विकलं. हलू नका, पोकळ भाग साफ करतोय." डॉक्टर सज्जन होते, त्यांचा आवाजही चढला नाही. पण ते 'पोकळ' म्हणत तेव्हा यंत्राचा आवाज का वाढत होता, हे थोरलीला पुरते कळत होते. "तुमची काही चूक नाही म्हणा. यंत्रांचं वेगळं आणि शेअरचं वेगळं. नाही का? प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट कशी कळणार?"

थोरलीला सांगायचे होते की मला कळत होते, मला आकडा माहीत होता, दीडपट, अगदी दीडपट! पण तोंडात दोन नळ्या, कापूस आणि आरसा होता. ती फक्त "आँ!" असे ओरडली.

"दुखतंय?" डॉक्टरांनी प्रेमाने विचारले. "थोडं दुखणारच."

त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी धाकटीने सगळ्यांना जेवायला बोलावले. थोरलीला वाटले होते, दुःखात सगळे एकत्र असावेत म्हणून हे जेवण असेल. पण ताटे मांडता मांडता धाकटी म्हणाली, "मला सगळ्यांना एक सांगायचंय. म्हणजे मला खूप लाज वाटतेय सांगायला. मी विकलेच नाहीत."

थोरलीच्या नवऱ्याच्या हातातला डाव भांड्यात पडला. "काय?"

"विकणारच होते हो दादा! वहिनींनी सांगितलं त्याच दिवशी. पण आधी सगळ्यांना कळवलं, आणि मग नेमकं माझ्या पाणमांजराच्या होडीला भोक पडलं. ती दुरुस्त करेपर्यंत बाजार बंद झाला. मग दुसऱ्या दिवशी फोनच फोन. मग राहूनच गेलं." ती थोरलीकडे वळली. "वहिनी, रागावू नका. तुम्ही इतक्या कळकळीने सांगितलं आणि मी ऐकलं नाही."

सासूबाईंनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. "म्हटलं नव्हतं मी? तिचा हात लागला की..." मग त्यांची नजर थोरलीवर पडली आणि त्यांनी समजूतदारपणे आवाज बदलला. "असू दे गं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुला यंत्रांतलं कळतं ते काय कमी आहे?"

"चुकतो माणूस एखाद्या वेळी," नवरा ताटाकडे बघत म्हणाला. "बिचारी आठवडाभर खपत होती. टोपीसुद्धा घेतली. नाही जमलं."

थोरली घास डाव्या बाजूला घोळवत होती. हे सगळे गप्प बसून गिळायचे, असे ती ठरवून आली होती.

"वहिनींना कुणी काही बोलू नका!" धाकटी कळवळून म्हणाली. "त्यांचा अंदाज चुकला असेल, पण सांगितलं मनापासून. माझ्या भल्यासाठीच सांगितलं ना?"

आणि इथे थोरलीचा बांध फुटला.

"माझा अंदाज चुकला नव्हता!" तिने ताटावर हात आपटला. "कोण म्हणतं चुकला? दीडपट! मी दीडपट काढली होती किंमत! दुसरा भाग आला नाही असं धरून! त्या बड्या कंपनीने इतकी माणसं लावून जो आकडा काढला ना, तो मी वरती, भांडी घासता घासता काढला होता!"

"अगं, मग वीक का म्हणालीस?" नवऱ्याने विचारले.

आता माघार घ्यायला वाव नव्हता. एका बाजूला तिची अब्रू होती आणि दुसऱ्या बाजूला तिचा आकडा. थोरलीने आकडा उचलला.

"जळत होते म्हणून!"

"कुणावर?"

"हिच्यावर! हिच्या यंत्रावर, हिच्या नशिबावर, त्या गच्चीवर! ताळेबंद कशाशी खातात हे ठाऊक नसताना हिचं सगळं वाढतं, आणि मी जन्मभर झाकणं उघडून बघतेय! खरं सांगायलाच आले होते मी. पण तुम्ही झोपाळा टांगत होतात माझ्या डोक्यावर!"

ती थांबली तेव्हा खोलीत एवढी शांतता होती की कुणाच्या तरी मोबाइलमधून आलेला 'छपाक' सगळ्यांनी ऐकला. नवरा खाली मान घालून बसला. स्वयंपाकघराचे पैसे आपणही याच कारणासाठी गुंतवले होते, हे आठवून त्याने तोंड उघडण्याचा विचार रद्द केला असावा. सासूबाई पदराचे टोक चाळवत होत्या.

धाकटी मात्र थोरलीकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"तुम्ही?" ती हळूच म्हणाली. "माझ्यावर?"

"हो."

"खरंच? म्हणजे मनापासून?"

"हो, बाई, हो! आता किती वेळा वदवून घेणार?"

"अय्या!" धाकटी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला, जसा शेअर तिप्पट झाला तेव्हाही फुलला नव्हता. "वहिनी, मला आजवर सगळे वेंधळीच म्हणत आलेत हो! शाळेत, माहेरी, इथेसुद्धा. माझ्यावर कुणी कशाला जळेल? आणि तुम्ही तर तुम्ही! थांबा हं." तिने मोबाइल उचलला आणि तिथल्या तिथे आईला फोन लावला. "आई, अगं ऐक ना! आमच्या मोठ्या वहिनी आहेत ना, त्या माझ्यावर जळतात! अगं हो! त्यांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर! नाही गं, चेष्टा नाही, ताटावर हात आपटून सांगितलं!"

पलीकडून बराच वेळ अभिनंदन चालू होते. धाकटी हसत हसत "हो, हो, सांगते त्यांना" असे म्हणत राहिली. फोन ठेवून ती थोरलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिच्या ताटात सगळ्यात मऊ पदार्थ वाढू लागली.

"दाढेला लागणार नाही असं खा. आणि आता मला सांगा. शेअर तर आता खूप वर गेलाय. ह्यापुढे काय करू? ठेवू की विकू?"

या प्रश्नाचे उत्तर थोरलीकडे तयार होते, कारण आकड्यांशी खेळणे तिने एक दिवसही थांबवले नव्हते. "वीक," ती म्हणाली. "बड्या कंपनीने जो भाव सांगितलाय, त्याच्याही वर गेलाय तो. त्याच्या वरची नुसती हवा आहे. सगळे वीक आणि मोकळी हो."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"म्हणजे ठेवायचे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती खरं सांगत असेल आता," नवरा म्हणाला.

"गेल्या वेळीही असंच तोंड करून सांगितलं होतं. पोकळ म्हणाली होती."

"तेव्हा जळत होती ना पण."

"आणि आता थांबली का?"

वाद वाढू लागला. धाकटीने हात वर करून दोघांनाही गप्प केले आणि ती थोरलीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

"वहिनी, अगदी खरं सांगा. आत्ता जळताय का?"

थोरलीच्या तोंडून 'छे' निघणार होते. ते तिने अडवले. तिने चमचा खाली ठेवला, डोळे मिटले आणि एखाद्या यंत्रापुढे उभे राहून ऐकावे तसे आत कान लावून बराच वेळ ऐकले. घरातले सगळे श्वास रोखून वाट बघत होते.

"जळतेय," ती शेवटी डोळे उघडून म्हणाली. "पण पूर्वीएवढी नाही. साधारण निम्मी."

"नक्की निम्मी?"

"थोडी इकडे-तिकडे. पण निम्मीच धर."

"मग मी निम्मे विकते," धाकटी म्हणाली आणि तिने मोबाइल थोरलीच्या हातात दिला. "बटण तुम्हीच दाबा. माझी होडी मध्येच फुटते."